वय कुणी ठरवायचं?

माणूस म्हातारा कधी होतो? प्रश्न सोपा वाटतो, पण प्रत्येक समाजाचं उत्तर वेगळं आहे.

जपानमध्ये साठावं वर्ष 'कानरेकी' म्हणून साजरं करतात. तिथल्या जुन्या कालगणनेत ६० वर्षांचं एक चक्र असतं. ते पूर्ण झालं की माणूस जणू पुन्हा जन्मला, म्हणून त्याला लाल टोपी आणि लाल बंडी घालतात. आपल्याकडेही ६० संवत्सरं आहेत आणि साठीशांत आहे. दक्षिण कोरियात मूल जन्मताच एक वर्षाचं धरायचे आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढायचं. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! जून २०२३ पासून मात्र तिथे कायद्याने वाढदिवसाप्रमाणे वय मोजतात. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांत वर्षांपेक्षा गट महत्त्वाचा. एका गटातले मुलगे एकत्र योद्धे होतात आणि पुढे एकत्रच ज्येष्ठ होतात.

आपल्या खेड्यांतही जुनी माणसं वय आकड्यात सांगत नाहीत, आठवणीत सांगतात. आमच्या शेजारच्या आजी शाळेत कधी गेल्याच नाहीत. आधार कार्डावर कुणीतरी अंदाजाने १ जानेवारी १९६३ लिहिलंय. आजी म्हणतात, "कोयनेचा भूकंप झाला तवा माझा थोरला मांडीवर हुता." तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. कार्डानुसार तेव्हा आजी चार वर्षांच्या होत्या!

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. कागदावर आजी अजून त्यात बसत नाहीत, पण भांगलणीला वाकणं त्यांचं कधीच थांबलंय.

शाळेचं जनरल रजिस्टर काढून पाहिलं. थोरल्याची जन्मतारीख सापडली, १ जून १९६७. पूर्वी गुरुजी बऱ्याच मुलांची १ जूनच लिहायचे, तरी वर्ष तर खोटं नाही! आता तो उतारा जोडून आजींचा आधार दुरुस्तीचा अर्ज केलाय. बघू काय होतं ते.

मुलांनो, तुम्हीही आज घरी विचारा, "आजी, बहात्तरच्या दुष्काळात तू केवढी होतीस?" उत्तर वहीत लिहा आणि कार्डावरच्या तारखेशी ताळा करून बघा.