असा न्हावी नसतोच

तत्त्वज्ञ रसेलचा विरोधाभास म्हटलं की हटकून न्हाव्याची गोष्ट निघते. गावातला एक न्हावी, जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत अशा सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी करतो. मग त्याची दाढी कोण करतं? तर्कशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट ऐकून आलेली मुलं मला दरवर्षी भेटतात, आणि आधी ती गोष्ट बाजूला ठेवावी लागते. कारण तिचं उत्तर सोपं आहे: असा न्हावी कुठल्याच गावात असू शकत नाही. तो असलाच पाहिजे असं आपल्याला सांगितलं कुणी? खुद्द रसेलनेही १९१८ सालच्या व्याख्यानांत विरोधाभासाचं हे रूप ग्राह्य धरलं नव्हतं.

गोटलोब फ्रेगेची अडचण खरी होती. 'असलाच पाहिजे' असं सांगणारा नियम त्याने स्वतःच घातला होता. येना विद्यापीठातला हा गणिती, सगळं अंकगणित निव्वळ तर्कातून उभं करायला निघालेला. १८७९ मध्ये त्याने तर्कासाठी चिन्हलिपी रचली. 'प्रत्येक' आणि 'एखादा' यांचं जे तर्कशास्त्र आज आम्ही शिकवतो, त्याची सुरुवात तिथे आहे. १८९३ मध्ये 'अंकगणिताचे मूलभूत नियम' या ग्रंथाचा पहिला खंड आला. त्यातल्या पाचव्या नियमातून निघणारी गोष्ट साध्या भाषेत अशी: कोणतीही अट सांगा, ती पुरी करणाऱ्या वस्तूंचा संच असतोच. यात वावगं काय, असंच कुणालाही वाटेल.

१६ जून १९०२ ला फ्रेगेला लिहिलेल्या पत्रात रसेलने एक अट पुढे ठेवली: 'जो स्वतःचा घटक नाही'. सम संख्यांचा संच ही काही सम संख्या नव्हे, तेव्हा तो या अटीत बसतो. अशा सगळ्या संचांच्या संचाला 'र' म्हणू. र स्वतःचा घटक आहे का? असेल, तर त्याने अट पुरी केली, म्हणजे तो स्वतःचा घटक नाही. नसेल, तर अटीत बसला, म्हणजे आहे. इथे 'र नाहीच' म्हणून सुटका होत नाही, कारण तो आहे हे पाचव्या नियमानेच सिद्ध होतं. व्याघात नियमाच्या पोटातच होता. आणि एक व्याघात हाती लागला की त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं. मग त्या ग्रंथातल्या सिद्धतांना मोल उरत नाही.

फ्रेगेने सहा दिवसांत उत्तर लिहिलं. दुसरा खंड तेव्हा छपाईत होता. त्याला त्याने परिशिष्ट जोडलं आणि पाया हादरल्याचं वाचकांना स्वच्छ सांगितलं. तिथे सुचवलेली डागडुजी पुढे टिकली नाही, पण माझ्या विषयाच्या इतिहासात याहून मोठी सचोटी मला दिसलेली नाही.

रसेलने संचांच्या पायऱ्या पाडून वाट काढली. ती मला कायम अवजड वाटत आली आहे. झर्मेलो या गणितीने १९०८ मध्ये काढलेली वाट मात्र सुरेख आहे. तो म्हणतो, अट खुशाल सांगा, पण आधी एक संच हातात घ्या आणि त्यातूनच निवडा. कोणताही संच 'अ' घ्या. त्यातले स्वतःचे घटक नसलेले संच वेगळे काढा; तो झाला र. र हा अ मध्ये असेल, तर मघाचाच व्याघात येतो. म्हणून र अ मध्ये नाही. बस, एवढंच. अ कोणताही असला तरी त्याच्या बाहेर काहीतरी उरतंच. सगळ्या संचांना सामावून घेणारा संच नसतो. ज्या युक्तिवादाने फ्रेगेची इमारत पडली, तोच इथे प्रमेयाची सिद्धता होऊन बसला आहे.

आपल्याकडे नववीच्या गणितात पहिलंच प्रकरण संचांचं आहे, आणि त्यात विश्वसंच येतो. शिक्षकांना माझी विनंती आहे: तो शिकवताना, विश्वसंच हा हातातल्या प्रश्नापुरताच असतो, सगळ्याचा असा एकच विश्वसंच नसतो, हे मुलांना सांगा. आणि का नसतो, ते फळ्यावर सिद्ध करून दाखवा. चार ओळी पुरतात.