जमिनीखालच्या टाक्या

कोरेगाव भीमा म्हटले की १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि जयस्तंभ आठवतो. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा धागा याच परिसराच्या भूगर्भाविषयी आहे. विषय आहे पेट्रोल आणि विहिरीचे पाणी.

पुणे-नगर रस्त्यालगत आमचा मळा आहे. त्याच्या वरच्या अंगाला एक पंप होता, तो बंद पडला. यंत्रे उचलली गेली, टाक्या मात्र जमिनीतच राहिल्या. पुढे चुलत्यांच्या लक्षात आले की विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. तेव्हापासून घरात जारचे पाणी येते. विहीर मात्र उसासाठी चालूच आहे.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलावर तरंगते. तेवढाच प्रश्न असता तर ते उपसून काढता आले असते. पण त्यातील बेन्झीन पाण्यात विरघळते. ते कर्करोगकारक आहे आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. एक ग्रॅम बेन्झीन एक लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते.

आपल्याकडे अडचण वाढवतो तो खडक. वाळूच्या प्रदेशात पाणी बऱ्याच अंशी एकसारखे झिरपते, त्यामुळे दूषित पट्टा कोठवर गेला याचा अंदाज बांधता येतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी मुरमातून उतरते आणि पुढे पाषाणाच्या भेगांमधून वाट काढते. शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी लागते, दुसरी कोरडी जाते, हे कोणताही पाणाड्या सांगेल. प्रदूषणाचीही तीच तऱ्हा. त्यात आपण विहिरीत आडवे बोअर घेतो, म्हणजे दूरच्या भेगाही आपल्याकडे वळवतो. निरीक्षणासाठी चार बोअर घेतले आणि चारही स्वच्छ निघाले, तरी पाचवी भेग दूषित असू शकते.

शुद्धीकरणाची तंत्रे नवी नाहीत. टाकी काढायची, भिजलेली माती उचलायची, मातीतील वाफ शोषून घ्यायची, पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळायचे आणि उरलेले काम काही अंशी जिवाणूंवर सोपवायचे. वेळ आणि पैसा मात्र अफाट लागतो. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराने १९९६ मध्ये, पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या एमटीबीई या द्रव्यामुळे, आपल्या विहिरी बंद केल्या. पिण्याच्या पाण्याचा सुमारे निम्मा स्रोत गेला. मुख्य विहिरींचे पाणी शुद्ध होऊन नळाला येईपर्यंत २०१० साल संपत आले होते. अमेरिकेने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८६ मध्ये इंधनाच्या प्रत्येक गॅलनमागे सेंटचा दहावा भाग आकारून स्वतंत्र निधी उभारला. मला यातील निधीचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बंद पंपाचा मालक शोधत बसेपर्यंत भेगा थांबत नाहीत.

भारतात 'प्रदूषण करणाऱ्याने भरावे' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये, राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात, ठामपणे लागू केले. रसायन कारखान्यांच्या सांडपाण्याने तेथील विहिरी नासल्या होत्या. नागपूरच्या 'नीरी'ने साफसफाईचा खर्च काढून दिला, तो ३७ कोटींहून अधिक होता. तरीही २०११ मध्ये त्या रकमेच्या वसुलीसाठी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. गावकऱ्यांच्या दृष्टीने या पंधरा वर्षांचा हिशेब कोणी मांडायचा?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. जबाबदार व्यक्ती सापडली नाही, तर खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतील. चुलत्यांनी अर्ज लिहायला घेतला आहे. विहिरीची खोली, पंपापासूनचे अंतर आणि वास प्रथम आला तो महिना त्यांनी वहीत आधीच टिपून ठेवला होता.