कोटरचा पहिला प्रहर

सकाळी सात ते दुपारी एक. क्रूझच्या वेळापत्रकात एखाद्या बंदरापुढे एवढंच लिहिलेलं असलं की बहुतेकांचा चेहरा उतरतो. एवढे पैसे भरून युरोपात यायचं आणि गाव बघायचं ते झोपमोड करून, वर जेवणाच्या आत परत येण्याच्या बोलीवर! बोट सुटायच्या अर्धा तास आधी सगळे आत हवेत, म्हणजे एकचे साडेबारा होतात. सकाळी उतरायची रांग असतेच. पुढचं बंदर लांब असतं, नाहीतर दुपारी त्याच धक्क्यावर दुसऱ्या बोटीची पाळी असते. कारण काही का असेना, उतारूच्या हाती पाच तास पडतात.

आपल्या कोकणातल्या लोकांना हे नवं वाटलं नसतं. मुंबईहून गोव्याकडे बोटी जायच्या तेव्हा हर्णैसारख्या कितीतरी ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून चढत-उतरत. वेळ बोटीची असे, माणसाची नसे. क्रूझवर ‘टेंडर’चं तिकीट घेऊन छोट्या होडीत उतरताना मला दर वेळी त्या पडावांची आठवण होते. फरक इतकाच, की त्या उतारूंना घरी जायचं असे. आम्हाला नुसतं बघून परत यायचं असतं.

माँटेनेग्रोतलं कोटर आमच्या वाट्याला असंच सात ते एक आलं. आणि माझं ठाम मत झालं आहे, की कोटर बघायचं तर याच वेळेला. दिवसभराचा मुक्काम तिथे मिळाला तर दुपार कशी काढायची हाच प्रश्न पडेल.

एक तर कोटरचा मुक्काम सातला सुरूच होत नाही. एड्रियाटिक समुद्रातून बोट बोका कोटोरस्का या उपसागरात शिरते आणि गावापर्यंतचा साधारण अठ्ठावीस किलोमीटरचा रस्ता पाण्यातून, डोंगरांच्या मधून काढते. लोक याला फ्योर्ड म्हणतात. तो फ्योर्ड नाही. हिमनदीने खोदलेली ही दरी नव्हे, नदीचं खोरं समुद्रात बुडून झालेलं हे पाणी आहे. म्हणजे जात आपल्या खाडीचीच, फक्त दोन्ही काठांना हजार मीटरच्या वर चढलेले चुनखडीचे डोंगर. मध्ये वेरिगेची सामुद्रधुनी लागते. तिची रुंदी अरुंद जागी जेमतेम साडेतीनशे मीटर. बोट तिच्यातून जाते तेव्हा दोन्ही काठांवरच्या घरांचे पडदे दिसतात. पुढे पेरास्त आणि त्याच्यासमोर दोन चिमुकली बेटं. सातला धक्क्यावर पोचायचं तर बोटीला हे सगळं पहाटेच ओलांडावं लागतं, आणि त्या वेळी डेकवर खलाशी आणि चारदोन निद्रानाशवाले यांच्याशिवाय कुणी नसतं. साडेपाचला उठून वर येणाऱ्याचा पाच तासांचा मुक्काम तिथेच साडेसहा तासांचा होतो. उपाहारगृह उघडलेलं नसतं, पण कॉफीचं यंत्र रात्रभर चालू असतं. तेवढं पुरतं.

या डोंगरांत वर त्सर्कव्हित्से नावाचं एक गाव आहे. तिथे वर्षाला सुमारे साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि युरोपातलं सर्वांत जास्त पावसाचं ठिकाण म्हणून ते मिरवतं. आंबोलीच्या माणसाने हे ऐकून नुसती मान हलवावी.

दुसरं कारण सावलीचं. कोटरच्या पूर्वेला डोंगर इतका पाठीशी चिकटून उभा आहे, की उन्हाळ्यातही सकाळचे पहिले काही तास गावावर ऊन येत नाही. आणि कोटरमध्ये करायची मुख्य गोष्ट म्हणजे याच डोंगराचा चढ. गावाची तटबंदी गावाभोवती फिरून थांबत नाही, ती सरळ डोंगरावर चढत जाते. एकूण लांबी साडेचार किलोमीटर, काही ठिकाणी उंची वीस मीटरपर्यंत. पायऱ्या साधारण साडेतेराशे, आणि सर्वांत वर, समुद्रापासून सुमारे 260 मीटरवर, सान जोव्हान्नीचा किल्ला. सिंहगडाच्या चढाच्या निम्माही हा चढ नाही. पण पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि दगड पांढरा. दहानंतर तो तापतो आणि खालून-वरून दोन्हीकडून भाजतो. जुलैत दुपारी तिथे चढणाऱ्यांचे फोटो मी पाहिले आहेत. त्यात चेहऱ्यांवर हौस दिसत नाही.

सातला गँगवे उघडला की धक्क्यापासून वेशीपर्यंत पाच-सात मिनिटांची चाल. ही समुद्राकडची वेस 1555 सालची. तेव्हा कोटर व्हेनिसच्या ताब्यात होतं, 1420 पासून 1797 पर्यंत. (त्याच सुमारास वसईत पोर्तुगीज आपला कोट रचत होते. दगड बघायची सवय झालेल्या मराठी माणसाला अशी सालं आपोआप शेजारीशेजारी दिसू लागतात.) आत गाड्यांना मज्जाव आहे. त्यामुळे पहाटेचा आवाज असतो तो हातगाड्यांचा: पाण्याच्या बाटल्यांचे खोके, पावाचे ट्रे, हॉटेलांच्या चादरींची गाठोडी. चौकांची नावं अजून पिठाचा चौक, दुधाचा चौक, अशी आहेत. तपकीर गल्लीत वाढलेल्याला त्यात परकं काही वाटत नाही. मांजरं मात्र अमाप. त्या वेळी गाव त्यांचंच असतं.

पायऱ्या गावाच्या मागच्या बाजूने सुरू होतात. पहिल्या टप्प्यावर, निम्म्याच्या अलीकडे, 1518 सालचं एक छोटं चर्च आहे, प्लेगातून वाचलेल्यांनी आरोग्यमातेला बांधलेलं. तिथून खाली बघितलं की लाल कौलांचा त्रिकोण दिसतो आणि त्याला लागून आपली बोट, गावापेक्षा मोठी. ते दृश्य मला सुंदर वाटलं नाही, थोडी लाजच वाटली. दोन-तीन हजार माणसं एकदम या एवढ्याशा त्रिकोणात ओतायची आणि दुपारी काढून घ्यायची, हा उद्योग आपल्याही पैशांवर चालतो.

किल्ला थोडक्यावर राहिला असताना तटात एक खिडकी लागते. खिडकी म्हणजे तटाला पडलेलं भोक, त्यातून पलीकडे उतरायला शिडी. पलीकडे डोंगराच्या कुशीत एक हिरवा सपाट तुकडा, पडक्या वस्तीतलं सेंट जॉर्जचं छोटंसं दगडी देऊळ, आणि बकरीचं चीज विकणारं एक घर. घड्याळात साडेआठ झाले होते. वर जायचं की पलीकडे? ज्याने चार गड चढलेत त्याला बालेकिल्ला न करता परत फिरणं जड जातं. पण वरून दिसणार तेच जे खालून दिसलं होतं, फक्त थोडं लहान. मी शिडी धरली.

चीज विकणाऱ्या म्हाताऱ्याला इंग्रजीचे चार शब्द येत होते, मला त्याच्या भाषेतला ‘ह्वाला’ एवढाच. त्याने बाक पुसला, एका ताटलीत चीज, कापलेला टोमॅटो आणि पाव आणून ठेवला आणि बकऱ्यांकडे निघून गेला. पैसे किती, हे विचारायला मला त्याला शोधावं लागलं. माँटेनेग्रो युरोपीय संघात नाही, तरी चलन मात्र युरोच, त्यामुळे तो हिशेब सोपा झाला. हे दुपारी घडलं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुपारी त्या बाकावर बसायला रांग असते.

उतरताना गर्दी वर येत होती. हातात पाण्याच्या बाटल्या, छातीवर बोटीची कार्डं, आणि त्यांच्या डोक्यावर ऊन नुकतं येऊ लागलेलं. साडेनऊला खाली गाव आपलं राहिलं नव्हतं. झेंडे धरलेले गाईड, चुंबकांची दुकानं. मग मी मोठ्या चौकात, 1602 च्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, एका खुर्चीत बसलो आणि पितळी भांड्यातून ओतलेली कॉफी घेतली. मनोऱ्याच्या पायाशी एक दगडी स्तंभ आहे, पूर्वी गुन्हेगारांना तिथे उभं करून गावाला दाखवत. आता तिथे लोक स्वतःहून उभे राहून फोटो काढून घेतात.

संत ट्रायफनच्या कॅथीड्रलपाशी मात्र उठून गेलो. 1166 साली त्याची प्रतिष्ठापना झाली. 1667 च्या भूकंपात मनोरे पडले, पुन्हा बांधताना एक पुरा झाला नाही. त्यामुळे दर्शनी बाजूचे दोन मनोरे आजही जुळत नाहीत. 1979 च्या 15 एप्रिलला पुन्हा भूकंप झाला, आणि त्याच वर्षी हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण मला तिथली सर्वांत आवडलेली हकिकत 809 सालची. कॉन्स्टँटिनोपलहून व्हेनिसला निघालेलं एक जहाज वादळामुळे या आखातात शिरलं. त्यावर ट्रायफनच्या अस्थी होत्या. कोटरच्या एका सरदाराने त्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतल्या आणि परगावचा संत या गावाचा झाला, अशी परंपरा सांगते. ते जहाजही वेळ काढायलाच थांबलं होतं. किती तास, हे कुणी नोंदलेलं नाही.

परतताना एक काळजी घ्यावी. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवावं, फोनच्या नव्हे. आदल्या दिवशी ग्रीसमध्ये असलात तर एका तासाचा फरक पडतो, आणि फोन आपल्या मनाने काटे फिरवतो. धक्क्यावर धावत येणारी जोडपी आणि वरच्या डेकवरून टाळ्या वाजवणारी माणसं हा प्रत्येक बंदरावरचा फुकट तमाशा आहे. त्यात आपण खालच्या बाजूला नसावं.

एकला बोट सुटली. जेवणाच्या वेळेला सुटते म्हणून बहुतेक मंडळी आत, आणि डेक पुन्हा मोकळा. सांगलीचं एक निवृत्त जोडपं ताटल्या घेऊन बाहेर आलं होतं. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी बोटीच्या बसची सहल घेतली होती. पेरास्त पाहिलं, होडीने बेटावर गेल्या. अशा सहलींना मी मनातल्या मनात हसत आलो आहे. तेवढ्यात तेच बेट समोर आलं, निळ्या घुमटाचं चर्च असलेलं.

“हे बेट माणसांनी केलंय बरं का,” काकू म्हणाल्या. “खडकावर देवीची तसबीर सापडली म्हणे, 1452 साली. तेव्हापासून दगड टाकून टाकून, जुन्या होड्या बुडवून बुडवून एवढं केलं. अजून दर 22 जुलैला गावातल्या होड्या येतात दगड टाकायला. आणि आत एक भरतकाम आहे, देवीचंच. यासिंता का कायसं नाव त्या बाईचं. पंचवीस वर्षं भरत होती. नवरा दर्यावर गेलेला, त्याची वाट बघत. आणि दोरा काय वापरला माहितीये? स्वतःचे केस! बाळदेवदूतांचे केस आधीचे काळे आहेत, शेवटचे पांढरे.”

“तुम्ही नीट पाहिलेत?”

“अहो, रुखवताचं भरतकाम करण्यात आयुष्य गेलं माझं. टाका नाही का कळणार?”

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आणि तुम्ही काय केलंत? वर गेला होतात ना, किल्ल्यावर?”

“किल्ल्यावर नाही गेलो. तटात एक खिडकी आहे, तिच्यातून पलीकडे उतरलो. चीज खाल्लं.”

“सांगलीहून निघून खिडकी!” असं ते म्हणाले नाहीत, कारण मी सांगलीचा नाही. पण तसं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं.

“कसं होतं?” काकूंनी विचारलं.

“खारट. पण बाकी त्या माणसाने बकऱ्यांना ज्या नावांनी हाका मारल्या ना—”

“थांबा,” काकू ताटली बाजूला ठेवत म्हणाल्या, “पहिल्यापासून सांगा. खिडकी नक्की कुठे होती?”