जबलपूरच्या शेतघराला राखणदार कोणता?

भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा फेसाळता धबधबा पाहून बहुतेक पर्यटक माघारी वळतात. जबलपूरकरांचे खरे जबलपूर मात्र शहराची वेस ओलांडल्यावर सुरू होते. पाटण, शहापुरा, पनागर या रस्त्यांनी हिवाळ्यात जावे, तर दोन्ही बाजूंना वाटाण्याची शेते दिसतात. इथला मटार दूरदूरच्या बाजारांत जातो. बरगीकडे वळले की साग, पळस आणि मोहाचे रान लागते. नर्मदा तर सतत कुठे ना कुठे सोबतीला असतेच.

या मुलखात मराठी माणूस नवखा नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथे १८१७ पर्यंत होती. पुढे १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि नागपूरची कितीतरी वकील मंडळी इथलीच झाली. तोफगाड्यांचा कारखाना, वाहन कारखाना, रेल्वे यांत नोकरी करून निवृत्त झालेली जोडपी आता शहराबाहेर एक-दोन एकर घेतात, दोन खोल्या बांधतात, पेरू आणि लिंबू लावतात. पहिल्याच थंडीत रानडुकरे येऊन वाटाणा उकरून जातात, नीलगायी उभे पीक तुडवतात. रात्री पत्र्यावर काही वाजले की बाई दचकून उठतात. मग घरात एकच विषय निघतो, कुत्रा हवा. पण कोणता?

नाव मोठे, काम वेगळे

लातूर-सोलापूरकडचे नातेवाईक ठामपणे सांगतात, 'आपला कारवानच घ्या.' शिडशिडीत बांधा, खोल छाती, लांब तोंड आणि वाऱ्यासारखी धाव ही त्याची ओळख. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातले जानवळ गाव या कुत्र्यांसाठी ओळखले जाते. कर्नाटकातल्या मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी याच जातीला आश्रय दिला, म्हणून तिकडे तो मुधोळ हाउंड झाला. २०१६ मध्ये सैन्याने या जातीची पिल्ले मेरठच्या आपल्या केंद्रात चाचणीसाठी नेली होती.

आखूड केसांमुळे जबलपूरचा मे महिना तो सोसतो. खाणे मोजकेच, आजारही कमी. मात्र तो नजरेवर धावणारा शिकारी आहे. पळणारे काही दिसले की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. शेजारच्या गोंड कुटुंबाची शेळी आणि रानातला ससा यांत तो फरक करीत नाही. शेळी मेली तर भरपाई देता येते, पण तुटलेला शेजार सहज सांधत नाही. सशामागे कुत्रा सोडणे हाही आता खेळ राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो शिकारीचा गुन्हा ठरतो. म्हणून ज्यांच्या शेताला चांगले उंच कुंपण आहे आणि ज्यांना कुत्र्याला रोज पळवणे जमते, त्यांनीच कारवानचा विचार करावा. साखळीला बांधून ठेवला तर तो खंगतो किंवा भित्रा होतो.

रामपूर हाउंड हा त्याचाच उत्तरेकडचा भाऊ. रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी अफगाणी ताझी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून तो घडवला. आता अस्सल रामपूर मिळणे दुर्मीळ झाले आहे, त्यामुळे नावावर भुलून पैसे मोजणारे फसतात.

तमिळनाडूचा शुभ्र राजपालयम दिसायला राजबिंडा. राखणीला पक्का, अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. मात्र तो बहुधा एकाच माणसाचा होऊन राहतो. नातवंडांची, गड्यांची आणि पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरात हे अवघड जाते. या पांढऱ्या जातीत जन्मतः बहिरेपणाही आढळतो. म्हणून पिल्लू पाठमोरे असताना टाळी वाजवून त्याचे कान पारखावेत.

हिमालयातला दाट केसांचा मेंढपाळी कुत्रा बिबट्याशी झुंजतो अशी त्याची ख्याती. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. पण तो बर्फाच्या मुलखातला आहे. चाळिशी पार करणाऱ्या इथल्या उन्हात त्याला आणणे म्हणजे त्याचे हालच करणे होय.

२००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ, रामपूर, राजपालयम आणि हिमालयन मेंढपाळ या चौघांची तिकिटे काढली. तिकिटावर चौघेही शोभतात, शेतावर मात्र प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो.

बिबट्याचा हिशेब

जबलपूरमध्ये हा हिशेब विसरून चालत नाही. विमानतळाच्या वाटेवरच्या डुमना भागात बिबट्याचा वावर आहे, बरगीकडचे रान तर त्याचे घरच. बिबट्याला कुत्रा हा शत्रू वाटत नाही, खाद्य वाटते. कुत्रा कितीही शूर असला तरी अंगणात एकटा बांधलेला असेल तर तो सुटत नाही. म्हणून जात ठरवण्याआधी रात्रीच्या निवाऱ्याची सोय ठरवावी. दाराला कडी असलेली पक्की खोली किंवा घराची पडवी हवी. दिवे लागण्याच्या वेळेला कुत्रा आत आलाच पाहिजे. आतून भुंकला तरी त्याचे काम होते, कारण जाग येणे हीच खरी राखण.

घेण्यापूर्वी

पिल्लाचे आईबाप प्रत्यक्ष पाहावेत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. इथल्या पावसाळ्यात गोचीड फार वाढते आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी चुकवू नयेत. डिस्टेंपर कुत्र्यापासून रानातल्या प्राण्यांनाही होतो, तेव्हा जंगलाकाठी ही जबाबदारी दुप्पट. १९४८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय शहरातच आहे, हे जबलपूरकरांचे भाग्य.

आणि या सगळ्या नामवंतांच्या रांगेत एक नाव कोणी घेत नाही, ते म्हणजे गावठी कुत्र्याचे. मोहाची फुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बायांच्या पुढे तोच चालतो. इथले ऊन, इथला पाऊस आणि शेजारच्या शेळ्या यांची त्याला जन्मापासून ओळख असते. दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार श्वानांची जात कोणी विचारीत नाही. कुंपण नसलेल्या दोन एकरांसाठी, उतारवयातल्या जोडप्यासाठी गावातल्याच चांगल्या कुत्रीची दोन पिल्ले घ्यावीत, वेळेवर लसी द्याव्यात, नसबंदी करावी आणि पोटभर भाकरी घालावी. डुकरे पुरती थांबणार नाहीत, पण पत्रा वाजला की कोणी तरी आधी भुंकेल आणि बाई एकट्या जाग्या राहणार नाहीत.