डाव्या हाताची साथ

मैत्रिणींनो, पेटी वाजवताना उजवा हात सुरांवर नि डावा भात्यावर, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तीन-तीन सूर एकदम धरून साथ करायची पियानोची रीत आपल्या भजनात फारशी रुजली नाही. पण मुलांनी माळ्यावर टाकलेल्या कॅसिओला भाता कुठे असतो? डावा हात मोकळाच! भाची सुटीत जऊळक्याला आमच्याकडे आली, तेव्हा तिनं मला हे शिकवलं.

पांढरी एक हा सा धरा. करंगळी सा वर, मधलं बोट ग वर, अंगठा प वर. आता करंगळी तिथेच ठेवून बाकीची बोटं म आणि ध वर न्या. परत या. मग अंगठा प वरच ठेवून बाकीची खालच्या नी आणि रे वर. झालं! या तीन जागांवर पुष्कळ साधी गाणी बसतात.

मी हा खटाटोप केला तो सासूबाईंसाठी, बरं का. एके काळी काळी चारमध्ये खणखणीत गायच्या. सत्तरीनंतर आवाज उतरला, तसं भजनाला जाणंच सोडलं. म्हणायच्या, "पेटी माह्या पुढं पळते वं, माय." खरंच आहे. पेटी गळ्यातल्या प्रत्येक सुरावर बोट ठेवते. आवाज जरा हलला की चारचौघींत कळतं. ही साथ नुसती खाली बसून राहते. ट्रान्स्पोजचं बटण दाबून मी सूर पांढरी चारवर आणला, बोटं होती तिथेच.

एक मात्र सांभाळा. भूपात म नि नी नाहीत. भूपातल्या अभंगाला भाचीनं म-ध-सा वाजवून दाखवलं, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "हा पाहुणा कोन?" तिथे सा-ग-प वरून फक्त अंगठा ध वर सरकवा. सा-ग-ध, सगळे घरचेच!

मींड निघत नाही म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती. ती १९७१ मध्ये सैल झाली. कॅसिओच्या पट्ट्यांवरही मींड निघत नाही. तेव्हा गाणारीनं आलाप घेतला की हात सरळ उचलून घ्यावा.

सासूबाई देवळात अजून येत नाहीत. पण तिन्हीसांजेला घरी दोन अभंग होतात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी उठते. त्या गातच राहतात.