आठ तासांचा समुद्र

दोंडाईच्यात समुद्राची चौकशी कुणी करत नाही. इथे चौकशी होते ती पावसाची, कापसाच्या भावाची आणि हिवाळ्यात मिरचीची. दिवाळीनंतर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली, की परक्या माणसाला गाव दिसायच्या आधी नाकाला कळतं. अशा गावातल्या आमच्या घरी, भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभं राहून, गोव्याचा कुठला किनारा धरायचा यावर हिवाळ्यातल्या कितीतरी रात्री बोलणी चालली. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली होती. 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईतून फेऱ्या करते. आमच्या फेरीत ती संध्याकाळी मुंबई सोडणार होती, दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदराला लागणार होती आणि त्याच दिवशी सांजेला परत फिरणार होती. मधले आठेक तास आमचे.

ज्यांच्या गावाला समुद्र आहे त्यांना आठ तास म्हणजे एक साधा दिवस. आम्हाला तसं नाही. आमच्यात माझी फुई, म्हणजे आत्या, होती. शिरपूरकडे, तापीकाठच्या गावात दिलेली. सत्तरी ओलांडलेली. तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. तेव्हा किनारा निवडायचा तो तिच्यासाठी, हे माझ्या मनात पहिल्यापासून पक्कं होतं. बाकीच्यांना तिथे पुन्हा जाता येईल.

एके काळी या वाटेवर किनारा निवडायचा प्रश्नच नसे. भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट सुटायची. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत ती पणजीला जायची. जिथे बोट काठाला लागत नसे तिथे ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, गाठोडी पडावात उतरत. ज्याचं गाव जिथे, त्याचा किनारा तिथे. मुंबईच्या गिरणीतला माणूस शिमग्याला आणि गणपतीला असा आपल्या किनाऱ्यावर उतरायचा. त्या बोटी कधीच्या थांबल्या. आता त्याच पाण्यातून जाणाऱ्या माणसाची किनाऱ्यावर कुणी वाट पाहत नसतं, आणि त्याला यादीतून किनारा निवडावा लागतो.

यादीत सगळ्यात वर कळंगुट आणि बागा. पोरांचा हट्ट तिकडचा होता आणि तो मी समजू शकतो. नावं कानावरून गेलेली, सिनेमात पाहिलेली. पण नकाशा उघडून मी त्यांना बोटाने वाट दाखवली. मुरगाव बंदर जुवारीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर आहे. कळंगुट उत्तरेत. मध्ये जुवारी आहे, मग पणजी, मग मांडवी. दोन्ही नद्यांवर आता नवे मोठे पूल आहेत, तरीही वाट चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची होते, आणि सुट्टीच्या दिवसांत पणजीच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग लागली तर जाऊन-येऊन तीन तास रस्त्यावर जातात. बोटीवरून उतरायला रांग, बंदराच्या फाटकापर्यंत जायला वेळ, टॅक्सी ठरवायला वेळ. परत यायचं ते बोट सुटायच्या तास-दीड तास आधी. आठातून हे सगळं वजा केल्यावर कळंगुटच्या वाट्याला उरते ती जेमतेम जेवणाची वेळ.

दक्षिणेकडचं दुसरं टोक मला फार मोहात पाडत होतं. वेळसांवपासून खाली मोबोरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटरचा वाळूचा एकच सलग पट्टा आहे. माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली ही त्याच्यावरच्या गावांची नावं. त्या पट्ट्यात अजून रापण ओढतात. होडीतून अर्धगोल जाळं टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते काठाकडे खेचतात. शेतात मोट ओढलेली पाहिलेल्या फुईला हे काम पाहताक्षणी कळलं असतं. पण रापण पहाटेची, आणि आमची बोट लागणार दिवस वर आल्यावर. नुसत्या लांबच लांब वाळूसाठी तिला उन्हात तासभर गाडीत बसवणं मला पटेना.

म्हणून बोगमाळो. बंदरापासून दहा-बारा किलोमीटर, दाबोळीच्या विमानतळाच्या अंगाला. नावाला मोठा नाही. दोन्ही बाजूंना टेकाडं, मध्ये लहानसा बाक, काठाला माड आणि माडांखाली सावली. वाटेवर नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत. त्यावर पोरांचा रुसवा निघाला. जवळचा किनारा म्हणजे हलका किनारा, असं जे लोक मानतात ते मला अजिबात मान्य नाही. दोनचार तास मिळणार असतील तर ते पाण्यासमोर घालवावेत. गाडीच्या काचेतून दुसऱ्यांच्या गाड्या बघायला आम्ही खान्देशातून निघालो नव्हतो.

राहिली वेळ. किनारा निवडणं हे अर्धंच काम असतं. एकाच किनाऱ्याची दिवसभरात दोन-तीन रूपं होतात, आणि आपल्याला त्यातलं कुठलं मिळणार हे भरती-ओहोटीच्या हाती. कोकणातली माणसं त्यासाठी तिथीची पाऊणपट करतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अमावास्येला आणि पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भर दुपारी पाणी काठाशी आणि रात्रीही तसंच. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ भरती आणि दुपारी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा डोक्यावर येतो, भरती त्याच्या मागोमाग सरकते, आणि हा सगळा हिशोब त्या एका पाऊणपटीत बसवलेला आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळ आणि छापील कोष्टकं नसताना ज्यांनी हे बांधलं त्यांच्या बुद्धीला मी हात जोडतो.

कालनिर्णय आमच्या घरी एकादशी आणि चतुर्थी बघायला असतं. त्या रात्री पहिल्यांदा त्याच्यावर समुद्र दिसला. आमचा दिवस वद्य षष्ठीचा होता. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहाच्या सुमारास, आणि आम्ही पोचल्यापासून निघेपर्यंत पाणी चढत राहणार. फुईला पाणी येताना दिसणार. गोव्याला भरती-ओहोटीतला फरक फार मोठा नाही, मोठ्यातला मोठा दोनेक मीटर, आणि षष्ठी-अष्टमीच्या सुमारास त्याहूनही कमी. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला काठाला बसायला तो दिवस चांगलाच होता. मी पेन्सिलीने त्या चौकोनाला खूण केली.

एक गोष्ट मात्र मी पोरांना घरीच बसवून सांगितली, आणि ती खान्देशातून, विदर्भातून, मराठवाड्यातून समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. नदीत पोहता आलं म्हणजे समुद्रात पोहता आलं असं होत नाही. लाटा काठावर फुटतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं, आणि जिथे वाट मिळते तिथून ते जोराने आत ओढत नेतं. काठावरून बघाल तर त्या पट्ट्यात लाट फुटताना दिसत नाही. दोन्हीकडे फेस, मध्ये निवांत पाणी. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. तापीकाठच्या पोराला हे सांगायला सोपं जातं, कारण वरून शांत दिसतो तो डोह, हे त्याला आजीने सांगितलेलं असतं. ओढीत सापडलं तर काठाकडे झुंजायचं नाही, दम तिथेच संपतो. काठाला समांतर आडवं पोहत ओढीच्या बाहेर यायचं, मग काठ धरायचा. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून ‘दृष्टी’चे जीवरक्षक असतात. त्यांचे लाल-पिवळे झेंडे जिथे रोवलेले, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. शिट्टी वाजली की बाहेर. सुट्टीच्या आनंदात आलेली आतल्या जिल्ह्यांमधली तरणीताठी मुलं दरवर्षी या ओढीत जातात, आणि ती बातमी वाचताना मला त्यांच्या गावाच्या नावापाशी थांबायला होतं.

दादरपर्यंत आम्ही खान्देश एक्स्प्रेसने गेलो. मुंबईचा धक्का, ती पांढरी मजल्यामजल्यांची बोट, रात्री डेकवरचा गार वारा, हे सगळं सुरेख होतं. पण फुईला बोटीवरून दिसलेला समुद्र समुद्र वाटला नाही. ती म्हणाली, हे तर वरून दिसणारं पाणी, धरणावरून दिसतं तसं. तिला पाय बुडायला हवे होते.

बोगमाळोला ते बुडाले. माडाच्या सावलीत खुर्ची मिळाली होती, ती सोडून ती ओल्या वाळूवर जाऊन बसली, लुगड्याचा काठ भिजला तरी उठली नाही. पहिली लाट पायाशी आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी पाणी उचलून कपाळाला लावलं, जसं श्रावणात कानबाईला निरोप देताना तापीचं लावते. मग थोडं जिभेवर घेतलं. “इतलं पानी, आन् पेवाले घोटभर बी नही!” पाण्याचं दुर्भिक्ष पाहिलेल्या बाईचं ते बोलणं होतं. उन्हाळ्यात दोन दोन हंड्यांसाठी चाललेल्या पायांनी ते बोलणं बोलावं, हे मला फार आतवर लागलं.

दुपारभर पाणी चढत राहिलं. तिने बसायची जागा मागे मागे सरकवली. पोरं झेंड्यांच्या मध्ये डुंबत होती. क्षितिजावर मालवाहू जहाजं बंदराची वाट बघत उभी होती. फुईने विचारलं, “आपली तापी आठेच येस का रे?”

मी नाही म्हणालो. इथे जुवारी येते, मांडवी येते. आपली तापी मुलताईला उगम पावून सातशेहून अधिक किलोमीटर चालते, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजमध्ये थांबत थांबत पुढे जाते, उकाईच्या धरणात साठते, आणि जे उरतं ते सुरतेच्या पलीकडे समुद्राला मिळतं. मुखाच्या एका अंगाला हजिरा, दुसऱ्या अंगाला डुमस. ही वाळू इतकी उजळ, कारण गोव्याच्या नद्यांच्या वाटेतले खडक निराळे. तापी डोंगरांच्या काळ्या दगडातून आणि आपल्या काळ्या मातीतून येते, आणि डुमसचा किनारा काळसर आहे. आपल्या शेतातून पावसाने वाहून नेलेली माती तिथेच जाऊन बसत असणार. हजारो वर्षांची. हे सांगताना मला स्वतःलाच ते नव्याने दिसत होतं.

आणि तो रस्ता आपला जुना आहे. मुंबईचा दबदबा वाढण्याआधी खान्देशला जगाशी जोडणारं बंदर सुरत होतं. नदीचं मुख उथळ, म्हणून मोठी गलबतं सुवाळीच्या खाडीशी नांगर टाकत, आणि तिथून माल आणि माणसं नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने बुऱ्हाणपूरला जात. इंग्रज वकील थॉमस रो 1615 मध्ये याच वाटेने बादशहाच्या मुलाच्या छावणीला गेला. आज दोंडाईच्याच्या स्टेशनवरून सुरतेकडे जाणारी गाडी जवळपास तीच दिशा धरते. आमची खान्देश एक्स्प्रेसही सुरतेच्या अंगानेच मुंबईला आली होती. आपल्या नदीचा समुद्र उजव्या हाताला होता आणि आम्ही झोपलो होतो.

फुईने सगळं ऐकून घेतलं. पाणी तिच्या गुडघ्यांशी आलं होतं. “मंग तठे कव्हय जावानं?” तिने विचारलं.

टॅक्सीवाल्याने हाक मारली तेव्हा आमची तारीख ठरून झाली होती. फुई अखाजीला माहेरी येते. अखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. आम्ही जाणार दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला. कोकणच्या हिशोबाने भरती तीनची. खंभातच्या आखातात हा हिशोब जसाच्या तसा लागू नाही. तिथे आत शिरायला भरतीला वेळ लागतो, आणि ती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी आहे. ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे चिखल उरतो, त्यात म्हाताऱ्या माणसाला नेता येत नाही. म्हणजे पाणी काठाशी येईल ते दुपार कलल्यावर, वैशाखातलं ऊन थोडं मऊ झाल्यावर. नेमकी वेळ तिथल्या कोळ्यांना विचारून घ्यायची. अखाजीची पुरणपोळी खाऊन झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सुरत, आणि तिथून वीसेक किलोमीटरवर डुमस. या वेळी कुठला किनारा, यावर घरात कुणी चर्चा केली नाही.