कोमट

थंडीच्या दिवसांत आमच्या साताऱ्याच्या घरी विरजण लावलेलं पातेलं रात्री चुलीच्या वैलावर ठेवत. जाळ तोवर ओढून घेतलेला असे, निखारे राखेखाली गेलेले असत आणि वैलाला हात लावला तर नुसती ऊब लागे. उन्हाळ्यात तेच पातेलं आजी कोनाड्यात गार जागी ठेवायची आणि विरजणही निम्मंच घालायची. मोजमाप सगळं तिच्या करंगळीत होतं. तापवून उतरवलेल्या दुधात ती करंगळी बुडवायची. चटका बसेलसं वाटावं पण बसू नये, इतपत दूध निवलं की चमचाभर दही पातेल्याच्या तळाला फासायचं आणि वरून धार धरून दूध ओतायचं. "आता कुणी हलवू नका गं," म्हणायची आणि दिवा मालवायची. दूध म्हशीचं. सकाळी पातेलं कलतं केलं तरी दही जागचं हलत नसे. वर जाड साय, आणि पळी घातली की खाली स्वच्छ कापल्यासारखी कवडी. परीक्षेला किंवा गावाला निघालेल्या माणसाच्या हातावर तेच दही पडायचं.

करंगळीमागचं शास्त्र मला फार उशिरा कळलं. दूध ८५ अंशांच्या आसपास काही वेळ राहिलं की निवळीतली प्रथिनं उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. म्हणून दही घट्ट बसतं, पाणी कमी सुटतं. पुढचं काम जिवाणूंचं, आणि त्यातल्या उबेच्या भोक्त्यांना हवी असते ४० ते ४५ अंशांची ऊब. त्यांतल्या एकाला, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसला, १९०५ साली जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणानं ओळखलं. आपल्या घरगुती दह्यात त्याच्या जोडीला कमी उबेत वाढणारे लॅक्टोकॉकससारखे जिवाणूही असतात. घरोघरच्या दह्याची चव वेगळी लागते ती पुष्कळशी या मिसळणीमुळे. मला या माहितीनं आजीबद्दल अधिकच आदर वाटला. तिनं हे सगळं बोटानं राखलं होतं.

लग्नानंतरची काही वर्षं दादरला गेली. तिथल्या दमट हवेत दही लावण्यात कसब असं काही नव्हतंच. दुपारी लावलेलं दही संध्याकाळपर्यंत तयार, आणि रात्री बाहेर राहिलं तर आंबट.

मिनियापोलिसला आलो तेव्हा जानेवारी होता. बाहेर उणे वीस, आणि घरात हीटर चालू असूनही ओट्यावरचं दूध बघता बघता गार पडायचं. अशा थंडीत दही लागतं ते रेंगाळत, आणि कधी कधी त्याला तार सुटते. कमी तापमानात काही जिवाणू शर्करेच्या लांब चिकट साखळ्या तयार करतात, त्याची ती तार. शिवाय दूधही वेगळं. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, इथल्या होल मिल्कमध्ये सव्वातीनच्या आसपास. विरजण दिलं ईडन प्रेरीत राहणाऱ्या, मूळच्या अमरावतीच्या एका काकूंनी. आणि स्लो कुकर मिळाला शेजारच्या गल्लीतल्या गॅरेज सेलमध्ये: बोजड, अंड्याच्या आकाराचा, आत चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण.

स्लो कुकर रात्रभर मंद तापतो, म्हणजे दह्यासाठी याहून सोयीचं काय, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. 'लो' आणि 'हाय' या दोन बटणांत फरक असतो तो मुख्यतः वेळेचा. दोन्ही शेवटी उकळीच्या जवळ पोचतात. 'वॉर्म'सुद्धा साठ अंशांच्या वरच, आणि पन्नाशी ओलांडली की विरजणाचा निभाव लागणं कठीण होत जातं. कुकर चालू आहे तोवर त्यात दही होत नाही. दूध 'लो'वर अडीचएक तास तापू द्यायचं, बटण बंद करायचं, प्लगही काढायचा. तीनेक तासांनी झाकण उघडून करंगळी. वाटीभर कोमट दुधात दोन चमचे दही फेटून ते हलक्या हातानं आत सोडायचं, झाकण लावायचं आणि अख्खा कुकर जाड टॉवेलात आणि वर जुन्या शालीत गुंडाळून ठेवायचा. खरं काम करतं ते चिनीमातीचं जाड भांडं. ते उशिरा तापतं, पण तापलं की ऊब सहजासहजी सोडत नाही. माझ्याकडे थर्मामीटर आहे, पण करंगळीनं सांगितल्यावरच मी विरजण घालते.

हा कुकर आला कुठून, हे वाचलं तेव्हा मी वैलापाशी जाऊन पोचले. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. कल्पना सुचली आईनं सांगितलेल्या गोष्टीवरून. लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये ज्यू घरांतून शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं भांडं बेकरीत नेऊन ठेवत. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून बेकरीची भट्टी विझत जाताना तिच्या उरलेल्या उबेवर ते मांस, कडधान्य रात्रभर शिजे. नॅक्सन यांचा हा बीन शिजवणारा कुकर पुढे रायव्हल कंपनीनं घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आणला. विजेवर चालणाऱ्या या भांड्याचा उगम विझत्या भट्टीत आहे, हे कळल्यापासून मला ते परकं वाटत नाही. विल्नियसच्या त्या बायका आणि माझी आजी एकच जाणत होत्या: आग काढून घेतली तरी काम थांबत नाही, काही कामं तर त्यानंतरच सुरू होतात.

आजीचंच विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालवतो, असं काही जण सांगतात. ती भावना मला कळते, पण दही तसं वागत नाही. दर खेपेला नवं दूध, नवी हवा, भांड्याचे नि हातांचे जिवाणू. कोणते वाढतात, कोणते मागे पडतात, ते आपल्या हाती नसतं. काकूंच्या विरजणाचंही माझ्याकडे तेच झालं, आणि मला त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही. विरजण ही मागण्याची आणि देण्याचीच वस्तू आहे. घराघरांतून फिरतं म्हणूनच ते टिकतं.

गेल्या हिवाळ्यात काकू अमरावतीला राहून परतल्या. फ्रिजमधलं त्यांचं दही तोवर खराब झालेलं, म्हणून वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. चमचाभर तोंडात घालून जरा वेळ थांबल्या.

"हे काही माझं राहिलं नाही गं," त्या म्हणाल्या. "आंबटपणा वेगळाच आहे. पण कढी याचीच चांगली होईल." आणि विरजणापुरतं मागायला आलेल्या काकू कढीपुरतंही दही घेऊन गेल्या.